आधी फडकं, मग फरशी

(प्रस्तावना)

घर स्वच्छ कसं ठेवावं हे कळंब परिसरातल्या बायकांना कुणी शिकवायला जावं, अशी इथे परिस्थिती नाही. सकाळी लवकर कुठल्याही वाडीत शिरा, अंगण झाडून झालेलं असतं, उंबऱ्यावर पाणी पडलेलं असतं, रात्रीची भांडी घासून पालथी घातलेली असतात. ठाकरवाडीतलं कुडाचं सारवलेलं घर असो की नेरळच्या नव्या इमारतीतला फ्लॅट, हात दोन्हीकडे सारखाच फिरतो. म्हणून हे पुस्तक घराच्या स्वच्छतेवर नाही. ज्या वस्तूंनी आपण घर स्वच्छ करतो त्या वस्तूंच्या स्वच्छतेवर आहे. केरसुणी, खराटा, ओट्यावरचं फडकं, भांड्यांची घासणी, फरशीचा पोछा, त्याची बादली, मोरीचा आणि संडासाचा ब्रश, एवढाच त्याचा पसारा.

या वस्तू रोज हातात असतात आणि तरी नजरेत नसतात. फरशीवर डाग दिसला की आपण लगेच वाकतो. पण तो डाग पुसून फडकं नळावर टाकलं की काम संपलं, असं आपलं मन मानतं. काम तिथे संपत नाही. मळ नाहीसा होत नाही, तो जागा बदलतो. ओट्यावरून फडक्यात जातो, फडक्यातून हाताला लागतो, हातावरून भाकरीच्या ताटात येतो. आणि फडकं रात्रभर ओलं राहिलं तर तो तिथे नुसता बसून राहत नाही, वाढतो. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आपल्या स्वयंपाकघरात या फडक्याच्या घडीत आहे.

जंतूंची वाढ किती झपाट्याने होते याचा एक हिशेब डोळ्यांपुढे असू द्या. जुलाबांना कारण ठरणारे जे जंतू आहेत त्यांतल्या ई. कोलाय या जंतूला ऊब, ओल आणि अन्न मिळालं की साधारण २० मिनिटांत एकाचे दोन होतात. रात्री दहाला भांडी आवरून फडकं चुरगळून ठेवलं आणि सकाळी सहाला उचललं, तर मधे आठ तास गेले. कागदावरच्या हिशेबाने एका जंतूचे एक कोटी सदुसष्ट लाखांच्या वर होतात. प्रत्यक्षात एवढे होत नाहीत, कारण अन्न संपतं, गारवा असतो, जंतूंची आपसात चढाओढ असते. पण फडकं वाळलेलं असेल तर ही वाढ सुरूच होत नाही, आणि आपल्या हातात आहे ते हेच. या पुस्तकात साबण, औषधं, ब्रश यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं आहे. तरी सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे वाळवणं.

आणि वाळवणं हीच आपल्या भागातली अवघड गोष्ट आहे. कर्जत तालुका सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. एका बाजूला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या बाजूला भीमाशंकरची रांग, आणि मधे उल्हास, चिल्हार, पोश्री, पेज या नद्यांचं खोरं. मृग लागला की हस्त संपेपर्यंत इथल्या हवेतून ओल जात नाही. भिंतींना पाझर असतो, मिठाला पाणी सुटतं, कपाटातल्या चपलांवर पांढरी बुरशी धरते. अशा हवेत दोरीवर टाकलेलं जाड फडकं दोन दिवस वाळत नाही. ते आंबूस वासाचं होतं, आणि त्याच फडक्याने आपण ताटं पुसतो.

उन्हाळ्यात याच्या उलट. ऊन रग्गड, पण पाणी नाही. पेज नदीला भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्रातून सुटणारं पाणी मिळतं म्हणून तिच्या काठची गावं उन्हाळ्यातही हिरवी दिसतात. पण डोंगरावरच्या वाड्यांमधल्या विहिरी एप्रिलमध्येच तळ गाठतात, आणि जी बाई दोन हंडे पाण्यासाठी उतरणीवरून चालत जाते तिला पोछा रोज तीन पाण्यांतून काढायला सांगणं हा तिचा अपमान आहे. शहरात छापलेली आरोग्याची पत्रकं हे विसरतात. भरपूर पाण्याने धुवा आणि कडक उन्हात वाळवा, असं ती एका दमात सांगतात. आमच्याकडे पाणी असतं तेव्हा ऊन नसतं आणि ऊन असतं तेव्हा पाणी नसतं. हे पुस्तक लिहावंसं वाटलं ते मुख्यतः यामुळे. यातली प्रत्येक सूचना पावसाळ्यासाठी वेगळी आणि उन्हाळ्यासाठी वेगळी लिहिली आहे.

आता या गोष्टीचं जुनं रूप पाहू, कारण ते समजल्याशिवाय आजची अडचण कळत नाही.

दोन पिढ्यांपूर्वी इथल्या घरात साफसफाईची साधनं कोणती होती? भांड्यांना चुलीतली राख आणि नारळाची शेंडी, नाहीतर भाताच्या पेंढ्याची चुंबळ. जमिनीला शेणाचं सारवण. केराला शिंदीच्या पानांची केरसुणी आणि अंगणाला काड्यांचा खराटा. पुसायला जुन्या सुती लुगड्याचं किंवा धोतराचं फडकं. या साधनांचा एक गुण होता. त्यांतली बरीचशी वापरून टाकून द्यायची होती. पेंढ्याची चुंबळ भांडी घासून झाली की उकिरड्यावर जायची. राख वाहून जायची. शेंडी झिजली की चुलीत. सारवलेली जमीन रोज ओल्या फडक्याने पुसायची नसतेच, तिच्यावर पुन्हा सारवण घालायचं असतं. सुती फडकं पातळ, ते चुलीच्या वरच्या दांडीवर टाकलं की भर आषाढातही तासाभरात कोरडं. चूल पेटती असायची, तिच्या धगीवर घरातलं निम्मं वाळवण होऊन जायचं.

म्हणजे साधन धुवायचा प्रश्नच फारसा येत नव्हता, कारण साधन टिकतच नव्हतं, आणि टिकलं तर आपोआप वाळत होतं.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत हे सगळं बदललं. चुलीच्या जागी गॅस आला. कुडाच्या जागी विटा-सिमेंट, सारवणाच्या जागी लादी, मग गुळगुळीत टाइल्स. राखेच्या जागी भांड्यांचा साबण आणि हिरव्या-पिवळ्या स्पंजची घासणी. लुगड्यांच्या जागी पॉलिएस्टरच्या साड्या आल्या, त्यांचं फडकं पाणी शोषतच नाही, म्हणून बाजारातून जाड टर्किशचे तुकडे आले. टाइल्सची फरशी रोज पुसावी लागते, म्हणून दांड्याचा पोछा आला. ही सगळी साधनं टिकाऊ आहेत. महिनोन् महिने चालतात. ती पाणी धरून ठेवतात, किंबहुना पाणी धरून ठेवण्यासाठीच ती बनवलेली आहेत. पण ती वापरताना आपली सवय मात्र पेंढ्याच्या चुंबळीची राहिली. वापरलं आणि बाजूला फेकलं. फरक इतकाच की चुंबळ उकिरड्यावर पडत होती, घासणी साबणाच्या डबीतल्या पाण्यात पडते, आणि उद्या पुन्हा हातात येते.

जुनं सगळं निर्मळ होतं असं मला मुळीच म्हणायचं नाही. भांडी राखेने घासली जायची तशी मातीनेही घासली जायची, आणि ती माती कुठली याचा विचार नसायचा. नदीच्या एकाच डोहावर गुरं, कपडे, भांडी आणि प्यायचं पाणी होतं. पटकीच्या साथीत घरंच्या घरं बसल्याच्या आठवणी जुन्या माणसांकडून आपण ऐकल्या आहेत. तेव्हा मागे जायची गोष्ट नाही. नवीन साधनाला नवीन रीत लागते, ती आपण बसवली नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

घासणीचं उदाहरण नीट पाहण्यासारखं आहे. तुमच्या ओट्यावरची महिनाभर वापरलेली स्पंजची घासणी घ्या आणि कात्रीने मधोमध कापा. वरून ती फक्त फिकट झालेली दिसते. आत छिद्राछिद्रांत भाताची शितं पिठूळ होऊन बसलेली असतात, डाळीचा पिवळा थर असतो, मधोमध एक करडा, बुळबुळीत पट्टा असतो. बोटाने दाबलात तर साबणाचा वास आधी येतो आणि त्याच्यामागून कुबट वास. ती पिळून कोरडी झाली असं आपल्याला वाटतं, पण मधला भाग कधीच वाळलेला नसतो.

जर्मनीतल्या संशोधकांनी वापरातल्या १४ घासण्या तपासून २०१७ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत जंतूंचे ३६२ प्रकार आढळले, आणि काही ठिकाणी एका घनसेंटिमीटरला पाच हजार कोटींहून अधिक जंतू. एवढी दाटी निसर्गात फार थोड्या जागी असते. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. ज्या घरांत घासणी नेमाने गरम करून किंवा धुवून निर्जंतुक केली जात होती, त्या घासण्यांमध्येही जंतू कमी नव्हते. उलट वास सोडणाऱ्या काही जातींचं प्रमाण जास्त होतं. कमकुवत जंतू मरतात, चिवट उरतात, आणि मोकळी झालेली जागा तेच भरून काढतात. म्हणून त्या संशोधकांचा सल्ला होता, घासणी धुवत बसू नका, आठवड्याला बदला.

आठवड्याला नवी घासणी सगळ्यांना परवडणारी नाही, हे मी जाणते. त्यावर उपाय नॉर्वेतल्या एका अभ्यासात सापडतो. तिथे घासणी आणि दांड्याचा ब्रश यांची तुलना केली. रात्रभर वाळल्यावर ब्रशवरचे साल्मोनेला जंतू मोठ्या प्रमाणात मेले, स्पंजच्या घासणीत मात्र ते टिकून राहिले. कारण उघड आहे. ब्रशचे केस मोकळे असतात, त्यांतून वारा जातो. नेरळ-कर्जतच्या बाजारात असा ब्रश सहज मिळतो आणि कित्येक महिने चालतो. तो आवडत नसेल तर नायलॉनच्या दोऱ्याची विरळ जाळी घ्या, नाहीतर आपला नारळाचा काथ्या. काथ्या जुना म्हणून टाकून देण्यासारखा नाही. तो लवकर वाळतो आणि झिजला की मातीत मिसळतो. पावसाळ्याचे चार महिने तरी स्पंजला सुट्टी द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

इथे एक खुलासा करायला हवा. जंतूंचे आकडे वाचून घाबरायचं कारण नाही. घरातले बहुतेक जंतू आपलं काही वाकडं करत नाहीत. धोका ठरावीक वेळी असतो आणि ती वेळ ओळखता आली पाहिजे. पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढतात, रात्री बत्ती घेऊन खेकडे धरायला जातात, आणि दुसऱ्या दिवशी मोरीत ते साफ करायचा थाट असतो. कोंबडी कापली जाते. त्या वेळी ज्या फडक्याने मोरीचा काठ आणि विळी पुसली, तेच फडकं पुढे ताटांवर फिरलं तर कच्च्या मासमटणातले जंतू थेट जेवणात येतात. तान्ह्या बाळाचं शी-शूचं आवरताना, घरात कुणाला जुलाब-उलट्या लागल्या असताना, कावीळ किंवा टायफॉइडचा रोगी असताना तेच. अशा वेळी फडकं वेगळं काढा. शक्य असेल तर जुन्या कापडाचा तुकडा वापरून जाळून किंवा पुरून टाका. बाकीच्या दिवसांत साधा साबण, पिळणं आणि वाळवणं पुरतं.

केरसुणीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तिच्याशी आपलं नातं निराळं आहे. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतात. तिला लक्ष्मीच म्हणतात. पाय लागला तर नमस्कार करतात. तिन्हीसांजेला केर काढू नये, केरसुणी उभी ठेवू नये, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेस पडेल अशी ठेवू नये, हे आपण आईकडून शिकलो. या मानामागे वस्तूची कदर आहे आणि ती मला मोलाची वाटते. पण ज्यांच्या हातांनी ही लक्ष्मी वळली त्यांना आपण काय दिलं? शिंदीची पानं तोडून, वाळवून, चिरून केरसुण्या बांधण्याचं आणि दोर वळण्याचं काम महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या मातंग समाजाने केलं, आणि त्यांना गावाबाहेर ठेवलं गेलं. पेशवाईत पुण्यात अस्पृश्यांना आपली पावलं पुसण्यासाठी कमरेला झाडू बांधून चालावं लागे, असं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालच्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये लिहून ठेवलं आहे. झाडूची पूजा आणि झाडू धरणाऱ्याचा विटाळ, दोन्ही आपण एकाच वेळी पाळलं. साधनाकडे न बघण्याची आपली सवय तिथून आली असावी असं मला वाटतं. घाणीला हात लावणारा कुणी दुसरा असतो, ही समजूत जिथे आहे तिथे घाणीचं साधन धुणं हे कुणाचंच काम नसतं.

ही समजूत मोडायचा सगळ्यांत मोठा प्रयत्न गाडगेबाबांनी केला. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेले डेबूजी जानोरकर गावात शिरले की आधी झाडू हाती घ्यायचे, दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. २०००-०१ साली राज्य सरकारने त्यांच्याच नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं आणि गावोगावच्या गल्ल्या, गटारं, शाळा झाडून निघाल्या. पुढे २०१४ पासून स्वच्छ भारत मोहिमेत घरोघरी संडास आले. कळंबच्या आसपासच्या कितीतरी घरांत संडास ही गोष्टच या पिढीत पहिल्यांदा आली. तिच्याबरोबर एक नवं साधन घरात आलं, संडासाचा ब्रश. त्याची कुठलीच जुनी रीत आपल्याकडे नव्हती. तो कुठे ठेवायचा, कसा धुवायचा, कधी फेकायचा, हे मोहिमेत कुणी सांगितलं नाही.

परिणाम मी घरोघर पाहिला आहे. संडास आणि न्हाणी शेजारी असतात, पाण्याचा एकच पिंप असतो, आणि मोरी घासायचा खराटा तोच संडासाला वापरला जातो. काही घरांत त्याच मोरीत भांडीही घासली जातात. ही गोष्ट बाकी सगळ्याच्या आधी बदलली पाहिजे. संडासाचा ब्रश फक्त संडासाचा. वापरून झाल्यावर तो भांड्याच्या कडेवर दोन मिनिटं टेकवून निथळू द्यायचा आणि मगच त्याच्या डब्यात ठेवायचा. डब्याच्या तळाशी साचलेलं पाणी रोज ओतून टाकायचं. हे पाणी फार वाईट, आणि बहुतेकांना ते तिथे आहे हेच माहीत नसतं. ब्रशच्या दांड्याला लाल रंगाची चिंधी बांधा, म्हणजे लहान मूलसुद्धा तो दुसरीकडे नेणार नाही.

केरसुणी आणि फुलझाडू वारंवार पाण्याने धुवायची वस्तू नाही. पाणी लागलं की गवत कुजतं आणि बुरशी धरतं. तिला बाहेर नेऊन दगडावर आपटायची, अडकलेले केस आणि दोरे जुन्या फणीने काढायचे, आणि ऊन असेल तेव्हा ऊन दाखवायचं. दम्याचं माणूस घरात असेल तर हे अंगणातच करायचं, नाहीतर झाडूत अडकलेली धूळ पुन्हा घरभर उडते. पावसाळ्यात झाडू दाराआड जमिनीवर पडू देऊ नका, खिळ्याला टांगा. आपल्या भागात खराट्याच्या बुडख्यात विंचू आणि घोण निघतात, त्यासाठीही टांगलेला बरा. अंगणातला खराटा पुराच्या चिखलात वापरला असेल तर घरात घेऊ नका. २०१९ च्या जुलैअखेर उल्हास नदी फुगली आणि महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली, ते सगळ्यांना आठवत असेल. पुराच्या पाण्यात गटार असतं, उंदरांचं मूत असतं, आणि लेप्टोचा ताप कोकणाला नवा नाही. अशा चिखलात वापरलेली साधनं जंतुनाशकात भिजवल्याशिवाय पुन्हा वापरू नयेत. आणि तो चिखल उघड्या हातांनी, अनवाणी कधीच काढू नये.

जंतुनाशकाचा विषय निघाला आहे तर इथेच एक ठळक इशारा देते. ब्लीचिंग पावडर किंवा त्याचं पातळ द्रावण कधीही संडासाच्या अ‍ॅसिडमध्ये मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीत तो जिवावर बेततो. दोन औषधं मिळून जास्त चांगलं काम होईल या भाबड्या समजुतीने हे केलं जातं. एका वेळी एकच औषध वापरायचं, ते पाण्याने पूर्ण धुवून टाकायचं, मगच दुसऱ्याचा विचार.

प्रमाणही सांगते. बाजारात मिळणारं ४ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट असेल तर एक लिटर पाण्यात २५ मिलीलिटर पुरे. फडकं आधी साबणाने धुवायचं, मळ काढायचा, मग या पाण्यात दहा मिनिटं भिजवून साध्या पाण्यातून काढायचं. मळक्या फडक्यावर औषध ओतलं तर ते मळाशीच झगडून संपतं, जंतूंपर्यंत पोचत नाही. पाणी रोज ताजं करायचं. ब्लीचिंग पावडरची पिशवी उघडी राहिली की दमट हवेत तिची ताकद उतरते, त्यामुळे गेल्या वर्षीची उरलेली पिशवी या पावसाळ्यात भरवशाची नाही. सुती फडक्यांना यातलं काहीच लागत नाही. जुन्या पातेल्यात दहा मिनिटं उकळा, झालं. आठवड्यातून एकदा भाताचं आधण उतरल्यावर त्याच गॅसवर हे पातेलं चढवता येतं.

पोछ्याचा दोष वेगळा आहे. एकाच बादलीत तीन खोल्या पुसल्या की तिसऱ्या खोलीत आपण पहिल्या खोलीची घाण नेऊन पसरतो, वरून फिनेलचा वास येतो म्हणून समाधान वाटतं. वास म्हणजे स्वच्छता नव्हे. पाणी खोलीगणिक बदलायला हवं. पाण्याची टंचाई असेल तर फरशी रोज पुसू नका, नुसती झाडा, आणि दोन-तीन दिवसांनी नीट पुसा. घाण पाण्याने रोज पुसण्यापेक्षा ते कितीतरी बरं. कपडे धुतल्यावर शेवटचं जे पाणी उरतं त्यात पोछा छान निघतो. मग तो कडकडून पिळायचा आणि मे महिन्याच्या उन्हात उलटा उभा करायचा. ते ऊन फुकट आहे आणि दुपारपर्यंत पोछा कडक वाळतो. पावसाळ्यात पडवीत, वारा लागेल असा टांगायचा आणि दोन पोछे आलटूनपालटून वापरायचे. बादली पालथी घालायची.

दोन पोछ्यांची गोष्ट मी विशेष आग्रहाने लिहिते आहे, ती कामाला जाणाऱ्या बायकांसाठी. कर्जत-नेरळच्या बाजूला फार्महाउसं, रिसॉर्टं आणि मुंबईकरांची दुसरी घरं गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढली. आमच्या वाड्यांतल्या कितीतरी जणी तिथे झाडूपोछा आणि भांडी करायला जातात. शनिवार-रविवार सोडला तर ही घरं बंद असतात. पोछा पाच दिवस कोपऱ्यात ओला पडलेला असतो. सोमवारी त्याला काळे ठिपके आलेले असतात, आणि तो पिळायचा असतो तिच्या उघड्या हातांनी. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, नखं कुजतात, त्वचा सोलवटते, आणि त्याच हातांनी घरी येऊन ती पीठ मळते. मालक फरशीसाठी सुवासाचं महागडं लिक्विड आणतात, पण दुसरा पोछा आणि रबरी मोज्यांची जोडी आणायचं त्यांच्या लक्षात येत नाही. हे पुस्तक अशा घरमालकांच्या हातात पडलं तर त्यांनी निदान एवढं करावं. ती मागणार नाही. तुम्ही आणून ठेवा, आणि मोजे फाटले की न सांगता बदला.

अंगणवाडी आणि शाळेच्या पोषण आहाराच्या स्वयंपाकघरासाठी एक स्वतंत्र प्रकरण आहे. तिथे एका फडक्याची चूक अनेक पोरांच्या पोटात जाते. मदतनीस ताईंचा दोष नसतो. फडकी, घासण्या, ब्रश यांच्यासाठी वेगळे पैसे कुणी काढत नाही, त्या घरून जुनी चिंधी घेऊन येतात. ग्रामपंचायतीने आणि शाळा समितीने हा खर्च किरकोळ समजून टाळू नये.

पुस्तकात महाग यंत्रांची, व्हॅक्यूम क्लीनरची वगैरे माहिती नाही. ती ज्यांच्याकडे आहेत त्यांना कंपनीची पुस्तिका मिळतेच. कोणत्या कंपनीचा साबण चांगला, हेही सांगितलेलं नाही. साबण कोणताही चालतो. जे उपाय कळंब, खांडस, कशेळे, कडाव या बाजूच्या घरांत चालू शकतात तेवढेच घेतले आहेत. ज्यांनी आपल्या मोऱ्या, ओटे आणि कोपऱ्यातले झाडू संकोच न करता दाखवले, त्या सगळ्या मावश्या, वहिनी आणि पोरींची मी ऋणी आहे. काही उपाय मी त्यांच्याकडूनच शिकले. फडक्याला कोपऱ्यात नाडी शिवून ते उलगडून टांगण्याची युक्ती अशीच एका आजीची. घडी पडली की आतली बाजू वाळत नाही, हे तिला कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय ठाऊक होतं.

वाचकांना एक विनंती. घरातल्या पुरुषांनीही हे वाचावं. फडकं धुणं, पोछा पिळणं, संडासाचा ब्रश निथळायला ठेवणं यांत बायकांनीच करावं असं काही नाही. आणि पुस्तक कपाटात ठेवू नका. ओट्याजवळ खिळ्याला अडकवा, दोरा त्यासाठीच लावला आहे. आज रात्री भांडी आवरल्यावर नळावरचं फडकं उचला, साबणाने धुवा, घट्ट पिळा आणि पूर्ण उलगडून दोरीवर टाका. बाकीची प्रकरणं उद्यापासून वाचली तरी चालेल.

कळंब, ता. कर्जत, जि. रायगड